फिलोमिनाला वळवताना

हेडली क्लुएट कुठलीही गोष्ट हिसका देऊन ओढत नाही. दमट हवेने दार फुगून बसलं तर तो त्याला खांदा लावून उभा राहतो आणि हळू आवाजात दाराशी काहीबाही बोलतो. माझ्या नवऱ्याचा, फॉन्सचा, घोडा एकदा ओढ्यावरच्या पुलावर अडून बसला होता. मागे गाड्या खोळंबल्या, माणसं ओरडायला लागली, फॉन्सने लगाम ओढून ओढून स्वतःचे हात सोलून घेतले. हेडली आला, घोड्याच्या शेजारी त्याच दिशेला तोंड करून उभा राहिला आणि पाइप पेटवला. थोड्या वेळाने दोघंही चालायला लागले.

"काय केलंस रे?" फॉन्सने विचारलं.

"काही नाही. मला घरी जायचं होतं, त्यालाही जायचं होतं. तू मध्ये ओढत होतास म्हणून त्याला आठवत नव्हतं."

असा हा माणूस. बुटका, रुंद, मान लाल, हात मळलेल्या कणकेसारखे जाड. टिंकर्स कोव्ह या खाडीकाठच्या गावात आमच्या घरासमोर, पलीकडच्या काठावर त्याचं हिरवं घर. आता त्याची सत्तरी उलटली आहे. मी सांगते आहे ती गोष्ट तो कामावर होता तेव्हाची, आणि माझ्या मुलाच्या लग्नाची.

कॉड मासेमारी सरकारने बंद केली तेव्हा हेडली पन्नाशीला टेकला होता. त्या वयात माणूस दुसरं काय शिकणार? पण समुद्रात तेलाच्या रिगा उभ्या राहत होत्या आणि त्यांना माल पोचवणाऱ्या बोटींवर माणसं हवी होती. हेडली खलाशी म्हणून चढला आणि काही वर्षांत डेकचा मुकादम झाला. माल पोचवणं हे वर्षभराचं काम. वसंत लागला की खरं काम सुरू व्हायचं, कारण उत्तरेकडून हिमनग खाली यायचे. आम्हाला जन्मापासून त्यांची सवय. माझी आई खिडकीतून बघून "आज दोन आलेत," असं पाहुणे आल्यासारखं म्हणायची. पण खडकावर येऊन अडकलेला हिमनग वेगळा आणि रिगवर चालून येणारा वेगळा. रिग म्हणजे नांगरांवर तरंगणारं लोखंडाचं गावच, त्यात शंभर माणसं झोपलेली. हिमनगाची धडक बसली तर काय होईल ते कोणी मोठ्याने बोलत नसे.

त्यासाठी हेडलीची बोट. हिमनगाभोवती लांबून फेरी मारायची, मागे जाड तरंगता दोर सोडत जायचा, फेरी पूर्ण झाली की दोराचं दुसरं टोक पाण्यातून उचलून जोडायचं, आणि मग ओढायचं. ओढायचं म्हणजे आमच्या हेडलीच्या पद्धतीने. इंजिनाचा जोर इतका हळूहळू वाढवायचा की बर्फाला कळूच नये. जोर एकदम लावला तर दोर निसटतो, नाहीतर अख्खा डोंगर कलंडतो. आणि डोंगर थांबवायचा नसतोच मुळी, कुणाला जमणारही नाही. त्याची वाट फक्त जराशी तिरकी करायची. एवढ्या दुरून जराशी तिरकी झाली की रिगच्या बाजूने निघून जातो.

"आयुष्यभर जाळी बर्फापासून वाचवली," हेडली म्हणायचा, "आता बर्फालाच जाळ्यात धरायचं. देवाला विनोद कळतो."

कंपनीच्या लेखी प्रत्येक हिमनगाला नंबर असायचा. हेडली मात्र त्यांना नावं द्यायचा, आणि तीही आमच्या कोव्हमधल्या बायकांची. बाईचं नाव दिलं की हात आपोआप जपून चालतो, असं त्याचं म्हणणं. हे फक्त त्याच्या बायकोला, व्हर्नाला माहीत होतं. तिने त्याला बजावलं होतं, "रेडिओवर एकही नाव घेतलंस तर मी तुझं सामान अंगणात फेकेन. मला या बायकांत राहायचंय."

रेडिओचं सांगायला हवं. तेव्हा बोटीवरचा माणूस किनाऱ्यावरच्या ऑपरेटरमार्फत घरी बोलायचा आणि ते बोलणं स्वयंपाकघरातल्या कुठल्याही रेडिओवर ऐकू यायचं. संध्याकाळच्या चहाला सगळा कोव्ह ऐकायचा. ऐकण्यात काही गैर नव्हतं, पण ऐकलं असं कबूल करणं हा मोठा असभ्यपणा. कोणाची दाढ दुखते हे रेडिओवर कळलं की दुसऱ्या दिवशी त्या घरी सूप पोचायचं, पण "तुला कसं कळलं?" असं घरवाले विचारायचे नाहीत आणि आणणारीही सांगायची नाही.

माझा लिअँडर त्याच रिगवर नांगरांच्या साखळ्यांवर होता. हेडलीची मुलगी डल्सी पोस्टात काम करायची. दोघं एकमेकांना पसंत करून बसले होते. अडचण होती ती माझ्या सासूबाईंची. अख्खा कोव्ह त्यांना फिलोमिना मावशी म्हणायचा आणि अख्खा कोव्ह त्यांना घाबरायचा. क्लुएट मंडळी दुसऱ्या चर्चची. सासूबाईंनी जाहीर केलं की आपला नातू त्या चर्चच्या दारातून आत गेला तर आपण आडव्या होऊनच त्याच्यामागे जाऊ, पेटीतून.

मी समजावलं, पाद्रीबाबांनी समजावलं, फॉन्स तर आईपुढे तोंडच उघडत नाही. हेडलीने काहीच केलं नाही. दर रविवारी तो एक मासा घेऊन सासूबाईंकडे जायचा, चहा प्यायचा, धुक्याबद्दल बोलायचा आणि परत यायचा. हिवाळाभर हे चाललं. मार्चमधल्या एका रविवारी मी तिथेच होते, सासूबाईंनी किटली आदळली.

"हेडली, तुला तोंड आहे की नाही? पोरीचं विचारायला येतोस ना?"

"मी? मी तर चहाला येतो, मावशी."

"मग पी मुकाट्याने. आणि लग्न मेमध्येच उरका. जूनमध्ये कॅपलिन मासे किनाऱ्याला लागले की हॉलमध्ये काळं कुत्रं फिरकायचं नाही."

हेडलीने कप खाली ठेवला. "दोन्ही पाद्री उभे राहतील ना, मावशी?"

"माझा उजवीकडे."

बाहेर आल्यावर मला म्हणाला, "विहीणबाई, अशा वेळी हसायचं नाही. वळली की वळली, आपण पाठ फिरवून चालायला लागायचं."

लग्न मेच्या शेवटच्या शनिवारी ठरलं. हॉल घेतला, खारवलेलं मांस भिजत घातलं, व्हर्नाने मनुका घालून कापडात उकडायच्या गोड पदार्थाची, डफची, तयारी केली. बोट आणि रिग, दोन्हीकडची पाळी त्या आठवड्यात बदलणार होती, म्हणजे सासरा आणि जावई दोघंही वेळेत घरी. आणि मग त्याच आठवड्यात उत्तरेकडून एक हिमनग खाली आला, चर्चपेक्षा मोठा, थेट रिगच्या रोखाने.

रिगवरची बरीच माणसं हेलिकॉप्टरने उतरवली. साखळ्यांवरची माणसं मात्र शेवटपर्यंत थांबतात, कारण हिमनग फारच जवळ आला तर नांगर सोडून रिग हलवायची ती त्यांनीच. म्हणजे लिअँडर वर अडकला. आणि हेडलीची बोट हिमनगाला दोर लावून बसली, म्हणजे नवरीचा बापही अडकला. एकाच बर्फाच्या दोन बाजूंना नवरा आणि सासरा. हा बर्फ वळला तर लग्न, नाही वळला तर काय, याचा विचार मी भांडी घासता घासता, कपडे वाळत घालता घालता, सारखा करत होते. डल्सी रोज संध्याकाळी यायची, आपल्या झग्याचा काठ शिवत बसायची. एकदा म्हणाली, "काकू, तुम्ही एकच पेला तिसऱ्यांदा धुताय."

गुरुवारी संध्याकाळी मी रेडिओ लावला. खरखर फार होती. ऑपरेटरने जोडून दिलं आणि हेडलीचा आवाज आला, थकलेला, घोगरा.

"व्हर्ना, ऐकू येतंय? वाईट झालं गं. फिलोमिना आडवी झाली. ओव्हर."

"कोण? हेडली, काय बोलतोयस? ओव्हर."

"फिलोमिना! दुपारपासून कलत होती, आणि एकदम पालथी. दोर सुटला. काही करता आलं नाही. आता सरळ लिअँडरकडे निघाली आहे. ओव्हर."

मग नुसती खरखर.

मी ॲप्रनसकट धावले. सासूबाईंचं घर आमच्या वर, टेकडीच्या चढावर. हेडलीला समुद्रात बसून कसं कळलं, हा प्रश्न मला पडलाच नाही. डॉक्टरने बोटीला कळवलं असेल, पाद्रीबाबांनी कळवलं असेल, असं काहीतरी डोक्यात. लिअँडरकडे निघाली, म्हणजे जाता जाता नातवाला भेटायला आत्मा निघाला, हे तर मला अगदी सरळ वाटलं. दार ढकललं तर सासूबाई टेबलाशी बसून सलगम सोलत होत्या.

"काय गं? वाघ मागे लागलाय?"

मी दारात धापा टाकत उभी. रेडिओ ऐकला असं म्हणायची सोय नव्हती. "सहज आले, आई. मीठ आहे का, बघायला."

"तुझ्या घरात मीठ नाही? कालच तर फॉन्सने गोणी आणली."

तेवढ्यात मागून शेजारची ब्रिजेट आत आली, हातात वाटाण्याच्या सुपाचं पातेलं, डोळे लाल. सासूबाईंना बघून तिने पातेलं छातीशी धरलं आणि क्रूसाची खूण केली. "मावशी! तुम्ही... तुम्ही बसला आहात!"

"मग काय टांगून घेऊ?"

"नाही, सूप जरा जास्त झालं होतं."

तिच्यामागून दोन बहिणी पाव घेऊन, त्यांच्यामागे काळा कोट घातलेला दुकानदार, त्याच्यामागे आमचे पाद्रीबाबा, खिशात मरणाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची कुपी. प्रत्येक जण उंबऱ्यात थबकायचा, सासूबाईंकडे बघायचा आणि हवेबद्दल काहीतरी बोलायचा. टेबल भरलं. कोणी जायला तयार नाही, कारण आधी जाणार कोण? फॉन्स तर आईच्या शेजारी जमिनीवर बसून तिचा हात धरून रडत होता आणि डोळ्यांत कांदा गेला असं सांगत होता. घरात कांदा नव्हता, सलगम होते.

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. मग पाद्रीबाबांच्या खिशाकडे.

"पाद्रीबाबा, तुम्ही खोटं बोलू शकत नाही. मी मेले का?"

पाद्रीबाबा म्हणाले, "दिसत तरी नाही, फिलोमिना."

"मग कोण म्हणालं मेले?"

रेडिओचा र काढायची कोणाची हिंमत नव्हती. तेवढ्यात व्हर्ना आली, चेहरा टोमॅटोसारखा, मागे डल्सी. व्हर्नाने हात जोडल्यासारखे पुढे धरले. "मावशी, मी त्याला हजारदा सांगितलं होतं. तो हिमनग आहे. तो त्यांना बायकांची नावं देतो. हा सगळ्यात हट्टी होता, म्हणून..."

सासूबाईंनी सलगमाची सालं एका बाजूला सारली.

"म्हणून माझं नाव दिलं," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"केवढा आहे?"

"चर्चपेक्षा मोठा, म्हणतात."

"कुठल्या चर्चपेक्षा? तुमच्या की आमच्या?"

"तुमच्या, मावशी."

सासूबाईंनी सुरी परत उचलली. ओठांचा एक कोपरा हलला तसं सगळं घर हसत सुटलं. ब्रिजेट खुर्चीवर बसून पोट धरून हसत होती, दुकानदाराने काळा कोट काढून खुंटीला लावला, पाद्रीबाबा सुपाकडे वळले. फॉन्स अजूनही रडत होता आणि हसतही होता.

मी मात्र हसता हसता थांबले. दोर सुटला होता. सरळ लिअँडरकडे निघाली आहे, असं हेडली म्हणाला होता, आणि ती सासूबाई नव्हती. मी टेबलाचा काठ धरला. डल्सीही हसत नव्हती. आम्हा दोघींकडे बघणारी त्या खोलीत एकच व्यक्ती होती.

"व्हर्ना," सासूबाई म्हणाल्या, "त्याला परत फोन लाव. मला बोलायचंय. आणि तुम्ही सगळे माझा रेडिओ लावा, उगाच घरी पळू नका ऐकायला."

व्हर्नाच्या घरी जाऊन फोन जोडला गेला. मी आणि डल्सी दोघींबरोबर होतो.

"हेडली, मी फिलोमिना. ओव्हर म्हणायचं का? ओव्हर."

पलीकडून खरखर. मग, "अरे देवा. ओव्हर."

"देवाचं नंतर. मी कुठे आहे?"

"मावशी, माफ करा. तुम्ही पालथ्या झालात, पण आता बऱ्या दिसताय. आधी गुळगुळीत होतात, दोर धरतच नव्हता. आता कमरेला चांगली खाच आलीय. आम्ही परत फेरी मारतोय. ओव्हर."

"कमरेचं सगळ्या गावाला सांगू नकोस. लिअँडर किती लांब आहे?"

"आहे अजून अंतर. रिगवाले साखळ्या सोडायला तयार उभे आहेत, पण मला नाही वाटत लागेल. ओव्हर."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग फोनमध्ये म्हणाल्या, "हेडली, नीट ऐक. मला ओढू नकोस. हिवाळाभर जसा आलास ना माझ्याकडे, तसा ये."

"तेच करतोय, मावशी," तो म्हणाला. आवाजात हसू होतं. ओव्हर म्हणायला विसरला.

शुक्रवारभर धुकं. रेडिओवर काही नाही. मी घरात बसू शकले नाही, हॉलमध्ये जाऊन खुर्च्या पुसल्या, कोणी बसलेलं नसताना परत पुसल्या. दुपारी डल्सी आली आणि दारातच म्हणाली, "काकू, वळतोय." पोस्टात रिगच्या ऑफिसातून फोन आला होता. दोराने खाचेत पकड घेतली होती आणि हेडली रात्रीपासून इंजिनाचा जोर बोटाबोटाने वाढवत होता. वाट तिरकी झाली होती. थोडीशी. पण अजून सोडता येत नव्हतं, पूर्ण बाजूने निघून जाईपर्यंत बोट जोडलेलीच राहणार आणि साखळ्यांवरची माणसं साखळ्यांवरच. म्हणजे शनिवारी नवराही नाही आणि नवरीचा बापही नाही. मी त्या पुसलेल्या खुर्चीवर बसून रडले. डल्सी शेजारी बसली. आनंदाचं रडणं होतं, पण माझं रडणं कशाचं ते तसंही पटकन कळत नाही.

आमच्याकडे जेवणावळ आणि नाचगाणं असलं की त्याला 'टाइम' म्हणतात. हॉलमध्ये शनिवारचा टाइम. मांस शिजलं होतं, कोबी चिरला होता, वाजवणारे दोन गावं सोडून पलीकडून निघाले होते. पुढे ढकलायचं की काय, यावर दोन्ही पाद्री बोलत बसले. सासूबाई म्हणाल्या, "लग्न पुढे जाऊ दे. टाइम वेळेवर व्हायचा."

आणि झाला. नवरा-नवरीशिवाय. नवरी होती खरं तर, साध्या निळ्या ड्रेसमध्ये, आणि प्रत्येक म्हाताऱ्याने तिच्याबरोबर नाचून घेतलं कारण अडवायला नवरा नव्हता. दुकानदाराने प्रत्येकाला विचारलं, "फिलोमिनाची काय खबर?" आणि प्रत्येक वेळी सासूबाईंनी खुर्चीतून उत्तर दिलं, "पूर्वेला सरकतेय!" एवढं हसलेलं मी आमच्या कोव्हला मासेमारी बंद झाल्यापासून बघितलं नव्हतं. माणसं त्या वर्षांत हसायची, पण जपून. त्या दिवशी हॉलच्या काचा वाफेने पांढऱ्या झाल्या.

रविवारी कळलं की हिमनग रिगच्या बाजूने निघून गेला आणि दोर सोडला. हेलिकॉप्टरला धुक्यामुळे उडता येत नव्हतं, म्हणून साखळ्यांवरची माणसं हेडलीच्या बोटीतूनच निघाली. सासरा आणि जावई एकत्र. मंगळवारी दुपारी फॉन्स त्यांना शहराच्या बंदरावरून घेऊन आला. लग्न त्याच दुपारी धरलं होतं, घरी जायला वेळ नव्हता. लिअँडरने गाडीतच फॉन्सचा कोट चढवला, बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत. हेडलीच्या पायांत रबरी बूट, दाढी वाढलेली, अंगाला डिझेलचा वास. व्हर्नाने त्याला चर्चच्या पायरीवर पकडून ओल्या रुमालाने तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं.

सासूबाई पहिल्या बाकावर. हेडली त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. "मावशी, रागावलात?"

"आधी सांग, गेली कुठे मी?"

"दक्षिणेला. गरम पाण्याकडे. सुखात आहात."

"चल मग, पोरीचा हात धर. आणि ते बूट गालिच्यावर घासू नकोस."

दोन्ही पाद्री उभे राहिले, आमचा उजवीकडे. मी माझ्या मुलाला बघत होते, त्याच्या बाह्या, त्याचे काळे पडलेले हात, सगळं जागेवर आहे ना, एकेक मोजत. आता तो चाळिशीत आहे, अजूनही समुद्रात जातो आणि मी अजूनही मोजते. त्या दिवशी मात्र मोजून पूर्ण झालं होतं.

नंतर हॉलमध्ये परत सूप, परत पाव, परत तेच वाजवणारे. पहिला नाच बापाने मुलीबरोबर करायचा असतो. अकॉर्डियन सुरू झालं आणि सगळे हेडलीला शोधायला लागले. तो भिंतीकडेच्या खुर्चीत बसला होता, मांडीवर डफची बशी, हातात चमचा, तोंड उघडं, गाढ झोपलेला. सासूबाईंनी बशी पडण्याआधी हळूच काढून घेतली.

"उठवा रे त्याला," वाजवणाऱ्यांपैकी एक ओरडला. "नवरीचा बाप आहे!"

व्हर्ना पुढे झाली, पण डल्सीने तिचा हात धरला.

"झोपू दे, आई," ती म्हणाली. "आले ना ते."

मग तिने लिअँडरला हॉलच्या मधोमध ओढलं आणि नाच सुरू झाला.